लाल गाडीचा जमाखर्च

हिंदुस्थान सरकारला मोटारबसची खरी काळजी वाटू लागली ती आगगाडीचे डबे रिकामे जाऊ लागल्यावर. 1932 साली मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना रस्ते आणि रेल्वे यांच्यातल्या चढाओढीची पाहणी करायला सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला. देशातले बरेचसे पक्के रस्ते रुळांना समांतर बांधले गेले होते, आणि त्याच रस्त्यांवर मोटारवाले जवळच्या अंतराचे, तिसऱ्या वर्गाचे उतारू उचलत होते. रेल्वेत सरकारचे कोट्यवधी रुपये गुंतले होते. रस्ताही सरकारनेच बांधलेला होता. त्या सरकारी रस्त्यावरून खाजगी गाडीवाला सरकारी रेल्वेचं गिऱ्हाईक पळवत होता. 1937 च्या वेजवुड समितीनेही हेच दुखणं मांडलं आणि मोटारींना वेसण घाला, असा सल्ला दिला.

हे गाडीवाले म्हणजे काही बडे भांडवलदार नव्हते. बहुतेकांकडे एक-दोन गाड्या. परदेशी चासी विकत घ्यायची, गावातल्या सुताराकडून तिच्यावर लाकडी सांगाडा चढवायचा आणि ‘सर्व्हिस मोटार’ म्हणून रस्त्यावर आणायची. कित्येकदा मालकच चाकावर बसायचा. गाडी भरली की सुटायची, नाही भरली तर तिथेच उभी राहायची. बाजाराच्या दिवशी एका मार्गावर चार गाड्या, एरवी एकही नाही. दोन मालकांत जुंपली की भाडं उतरायचं आणि एकाने हात टेकले की पुन्हा चढायचं. उतारूची चंगळ व्हायची ती ही झुंज चालू असेपर्यंत. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की सगळंच बंद. या धंद्याबद्दल हळहळून बोलणारे आजही भेटतात. मला त्या आठवणींत साहस दिसतं, पण वेळापत्रक काही दिसत नाही.

1939 चा मोटार वाहन कायदा आला आणि परवाना, ठरलेलं भाडं, ठरलेली वेळ, ठरलेला थांबा या गोष्टी आल्या. सुट्या मालकांनी एकेका भागात संघ करून गाड्या चालवाव्यात असं धोरण ठरलं. कंडक्टर हा माणूस याच काळात रुळला. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं, पेट्रोलवर शिधावाटपाची मर्यादा आली आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी घाट चढताना धापा टाकू लागल्या. युद्ध संपलं तेव्हा गाड्या खिळखिळ्या झाल्या होत्या, सुटे भाग मिळत नव्हते आणि प्रवासी मात्र वाढले होते.

अशा वेळी काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक प्रांताने वेगळं दिलं. दिल्लीची इच्छा अशी की रेल्वे, प्रांतिक सरकार आणि जुने गाडीमालक या तिघांनी मिळून कंपन्या काढाव्यात. नागपूरकडे सरकारी भागभांडवल असलेल्या कंपनीचा मार्ग धरला गेला. बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने मात्र सगळं आपल्याच हाती घ्यायचं ठरवलं. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि त्यांच्याच कारकिर्दीत ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ सुरू झाली. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्ड कंपनीची, सांगाडा लाकडी, बसायला काथ्याची आसनं, रंग निळा आणि टप चंदेरी. लाल रंग आला तो पुष्कळ नंतर. चालक-वाहकांना खाकी गणवेश आणि टोपी होती, आणि सरकार दारात आल्याची ती खूणच होती.

अर्थात सरकारी बस ही कल्पना तेव्हा मराठी माणसाला अगदीच नवी नव्हती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाच्या रेल्वेने 1932 सालीच 27 गाड्या घेऊन आपला रस्ते वाहतूक विभाग उघडला होता. ब्रिटिश मुलखात रेल्वे आणि बस एकमेकींच्या वैरिणी झाल्या असताना हैदराबादेत दोघी एकाच मालकाच्या घरी नांदत होत्या. मोटारीचा नफा कुठे जातोय हा प्रश्नच तिथे उद्भवला नाही. सरकारीकरणाचा इतिहास सांगताना आपण पुणे-नगरपासून सुरुवात करतो आणि औरंगाबादला विसरतो, हे बरं नाही.

मुंबई इलाख्यात जिल्ह्यामागून जिल्हा सरकारी होत गेला. खाजगी परवान्यांची मुदत संपेल तसतसं नूतनीकरण थांबलं. मालकांचा विरोध होताच, पण या भांडणाचा देशव्यापी निकाल लागला तो उत्तर प्रदेशात. तिथल्या सरकारने आपल्या बसगाड्यांसाठी खाजगी गाड्या रस्त्यावरून हटवल्या तेव्हा गाडीमालक अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. राज्यघटना नुकतीच लागू झाली होती. नागरिकाला धंदा करण्याचं स्वातंत्र्य आहे, मग सरकार कोणत्या अधिकाराने मक्तेदारी उभारतं, असा त्यांचा सवाल होता. न्यायालयाने तो मानला. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीबद्दल बोलताना आपल्याला भाषणस्वातंत्र्य आणि जमीनदारी आठवते. पण त्याच दुरुस्तीत, सरकारला एखादा धंदा नागरिकांना पूर्णपणे वगळून चालवता येईल, अशी मुभा कलम 19 मध्ये घातली गेली. त्यामागे या बसगाड्या होत्या. तरीही 1954 साली सगीर अहमद खटल्यात, बुलंदशहर–दिल्ली मार्गावरच्या गाडीवाल्यांच्या बाजूने, सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा कायदा रद्द ठरवला. अखेर 1956 मध्ये मोटार वाहन कायद्यात एक नवं प्रकरणच घालण्यात आलं. राज्य परिवहन उपक्रमाने योजना जाहीर करायची, हरकती ऐकायच्या, आणि मग तो मार्ग पूर्णतः किंवा अंशतः आपल्या ताब्यात घ्यायचा. एसटीच्या एकाधिकाराला पक्का पाया मिळाला तो इथे.

आता पैशाची बाजू. 1950 चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा हा या सगळ्या कहाणीतला कळीचा कागद. त्यात महामंडळाच्या स्थापनेची कारणं सांगताना जनतेची सोय, व्यापार-उद्योगाचा लाभ, वाहतुकीचा विस्तार असे उदार शब्द आहेत. आणि पुढे कलम 22 म्हणतं की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. भांडवल राज्य सरकारने आणि रेल्वेमार्फत केंद्राने द्यायचं, त्यावर व्याज घ्यायचं. नफा झालाच तर सोयी, कर्मचाऱ्यांचं कल्याण आणि विस्तार यांवर खर्च करून उरलेली रक्कम रस्ते सुधारण्यासाठी राज्याकडे सोपवायची. तोटा झाला तर कोणी भरायचा, हे मात्र स्पष्टपणे कुणी लिहून ठेवलं नाही. ते लिहायची तेव्हा गरज वाटली नसावी, कारण मक्तेदारी हेच अनुदान होतं. तिजोरीतून दरसाल रक्कम काढण्याऐवजी सरकारने एसटीला मोकळा रस्ता दिला होता. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथल्या भरलेल्या गाड्यांनी कमवायचं आणि त्या कमाईवर डोंगरातल्या गावाची मुक्कामी गाडी चालवायची. मुक्कामी गाडी रात्री गावात पोचते, चालक-वाहक देवळात किंवा चावडीत झोपतात, आणि पहाटे तालुक्याला निघते. तिचं भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, कधीच हिशेबात बसत नाही. तरी ती चालत राहिली, कारण दादरहून सुटणाऱ्या गाडीत उभं राहायलाही जागा नसायची.

भाषावार पुनर्रचनेनंतर मराठवाड्याची सेवा आणि विदर्भाची सेवा मुंबईच्या महामंडळात मिसळली आणि 1961 मध्ये आजचं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. पुढची वीस-पंचवीस वर्षं हा एसटीचा भरभराटीचा काळ. तालुक्यातालुक्यात आगार, दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत गाड्यांची बांधणी, ‘रस्ता तेथे एसटी’ ही घोषणा. टपावरून टपालाच्या पिशव्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि शहरात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे जायचे. डब्याचं अर्थशास्त्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण त्या डब्यांवर कित्येकांची पदवी झाली.

याच भरभराटीच्या काळात सरकारने एक काम केलं, ज्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1958 च्या कायद्याने प्रवासी कर आधीच लागू झाला होता. तो वाढत वाढत साडेसतरा टक्क्यांवर गेला आणि देशातल्या सर्वांत जड दरांत त्याची गणना होऊ लागली. गाडी भरून धावत होती तोवर हा कर कुणाला खुपला नाही. दुसरीकडे विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश सवलतीचा पास, मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत प्रवास, स्वातंत्र्यसैनिक, अपंग, ज्येष्ठ नागरिक असे सवलतीचे गट वाढत गेले. सवलत जाहीर करायची सरकारने, ती द्यायची एसटीने, आणि प्रतिपूर्तीची रक्कम सरकारकडून येईल तेव्हा येईल. एका हाताने कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने प्रतिपूर्ती लांबवायची, हा दोन हातांचा व्यवहार इतकी वर्षं चालला की मंत्रालयालाही आपण एसटीला देणं लागतो की एसटी आपल्याला, याचा नेमका हिशेब लागेना.

शेजारी गोव्यात हाच प्रश्न उलट्या वाटेने आला. तिथे मुक्तीनंतरही वाहतूक खाजगी बसवाल्यांच्याच हाती राहिली होती. 1979 च्या सुमारास विद्यार्थ्यांनी अर्ध्या तिकिटासाठी मोठं आंदोलन केलं. खाजगी मालक ते परवडत नाही म्हणाले, आणि त्या झगड्यातून 1980 मध्ये कदंब परिवहन महामंडळ जन्माला आलं. पण गोवा सरकारने मक्तेदारी घेतली नाही. कदंब आणि खाजगी बस एकाच रस्त्यावर, एकमेकींच्या पुढे-मागे धावत राहिल्या. म्हणून सवलत ही तिथे पहिल्या दिवसापासून सरकारच्या खर्चाची बाब होती. आपल्याकडे तो खर्च भरलेल्या गाडीच्या गर्दीत लपून गेला.

1988 चा नवा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून अंमलात आला. परवाने देताना हात आखडता घेऊ नये, असा त्याचा रोख होता. 1991 च्या मिथिलेश गर्ग निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या सैल धोरणाला दुजोरा दिला. या नव्या कायद्याच्या जरा आधी, 26 ऑक्टोबर 1986 रोजी, ब्रिटनने लंडन वगळता आपली बससेवा स्पर्धेला खुली केली होती. तो प्रयोग वादग्रस्तच ठरला, पण एक गोष्ट त्यांनी कागदावर आणली होती. जी फेरी कुणालाच परवडत नाही ती चालवायची असेल तर स्थानिक परिषदेने निविदा काढावी आणि तिचे पैसे मोजावेत. म्हणजे तोट्याच्या फेरीला नाव होतं आणि किंमत होती. महाराष्ट्राने स्पर्धा कधी जाहीरच केली नाही. टप्पे वाहतुकीचा, म्हणजे वाटेत चढ-उतार करत प्रवासी नेण्याचा हक्क कागदावर एसटीचाच राहिला. रस्त्यावर मात्र त्याला गळती लागली.

गळती दोन टोकांनी लागली. खालच्या टोकाला जीप. साताऱ्या-कोल्हापूरकडे तिला वडाप म्हणतात, इतरत्र काळी-पिवळी. गावातल्याच कुणा तरुणाने कर्ज काढून घेतलेली कमांडर किंवा ट्रॅक्स, आत दहा-पंधरा माणसं कोंबलेली, दोघं मागे लटकलेले. एसटीच्या पंधरा मिनिटं आधी ती फाट्यावर येते आणि उभे असलेले सगळे उचलून नेते. मागून येणाऱ्या गाडीला शाळेचे पासधारक तेवढे उरतात. सरकारी कागदांत याला ‘अवैध प्रवासी वाहतूक’ असं नाव आहे. गावात मात्र तो अवैध माणूस कुणाचा तरी भाऊ असतो, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवतो आणि हात केला की थांबतो. एसटीलाही मग ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ अशी योजना काढावी लागली. जीपवाल्याला नुसतं खलनायक ठरवून या इतिहासाचं काही भलं होत नाही. त्याने जिथे एसटी पुरत नव्हती तिथली गरज भागवली, हे खरं. आणि जिथे ती पुरत होती तिथलं भारमान खाल्लं, हेही तितकंच खरं.

वरच्या टोकाला ‘ट्रॅव्हल्स’. कंत्राटी वाहतुकीच्या परवान्यावर एका ठरलेल्या गटाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं, अशी कायद्याची अट. प्रत्यक्षात एसटी स्थानकाच्या बाहेर एजंटाची टपरी, सुटी तिकिटं आणि रात्रीची झोपायची गाडी. स्थानकापासून 200 मीटरच्या आत खाजगी गाडी उभी करायची नाही, असा नियम आला. हे 200 मीटर कुठून मोजायचे हा पोलीस, आरटीओ आणि एजंट यांच्यातला कायमचा खेळ झाला. ट्रॅव्हल्सवाल्यावर मुक्कामी गाडीचं ओझं नव्हतं. तो मुंबई–पुणे, पुणे–नागपूर अशी लोण्याचीच वाट धरायचा, तीही शनिवार-रविवार आणि दिवाळी-गणपतीला. गर्दी ओसरली की भाडं पाडायचं, सणाला दुप्पट-तिप्पट करायचं. अखेर एप्रिल 2018 मध्ये शासनाने निर्णय काढला की खाजगी बसचं कमाल भाडं एसटीच्या त्याच प्रकारच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये. जो धंदा कायद्याने अस्तित्वातच नव्हता, त्याचा दर सरकारने असा ठरवून दिला.

एसटीने हातपाय हलवले नाहीत असं नाही. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी आलेल्या निमआराम गाड्या दादर–पुणे मार्गावर ‘एशियाड’ म्हणून इतक्या गाजल्या की ते नावच चिकटलं. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर वातानुकूलित शिवनेरी आली आणि ती चालली, कारण तिथे वक्तशीरपणा राखला गेला. 2017 ची शिवशाही मात्र दोन मनांची निघाली. काही गाड्या स्वतःच्या, तर काही खाजगी कंपन्यांकडून भाड्याने, चालक त्यांचा, वाहक एसटीचा, किलोमीटरमागे पैसे एसटीने द्यायचे. गाडी भरो न भरो, भाड्याचे पैसे द्यावेच लागत. जोखीम सार्वजनिक आणि ठरलेली कमाई खाजगी, अशी ही वाटणी होती.

मग कोविड आला. चाकं थांबली, पगार रखडले. 26 ऑक्टोबर 2021 रोजी एसटीने भाडं सुमारे 17 टक्क्यांनी वाढवलं आणि त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांचं आंदोलन पेटलं. मुख्य मागणी, महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. आम्ही सरकारी काम करतो, सरकारने ठरवलेल्या सवलती देतो, सरकारने ठरवलेल्या भाड्यात गाडी चालवतो, तर पगारही सरकारी कर्मचाऱ्यासारखा द्या. काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. नव्वद हजारांहून अधिक कामगारांची संस्था महिनोन्‌महिने ठप्प राहिली. व्यवहार्य तोडगा म्हणून विलीनीकरण पटो न पटो, त्या मागणीतला तर्क मला बिनतोड वाटतो. कलम 22 मधल्या व्यापारी तत्त्वाला खालून दिलेलं ते उत्तर होतं. नोव्हेंबरमध्ये सरकारने पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ दिली. त्याच महिन्यात अधिसूचना काढून खाजगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस एवढंच काय, मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची परवानगी दिली. खाजगी बस एसटी स्थानकांच्या आत फलाटावर लागल्या. 200 मीटरचा खेळ त्या दिवसांपुरता संपला. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा निष्कर्ष काढला. 7 एप्रिल 2022 रोजी उच्च न्यायालयाने 22 एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितलं आणि संप ओसरला.

कर्मचारी परतले, पण सगळ्या फेऱ्या परतल्या नाहीत. गाड्या जुन्या झाल्या होत्या, ताफा आक्रसला होता, आणि संपाच्या महिन्यांत प्रवाशांनी दुचाकी घेतल्या होत्या किंवा जीपवाल्याशी कायमचं जमवलं होतं. बंद पडलेल्या मुक्कामी गाडीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव, आमदारांचं पत्र, आगारप्रमुखांना निवेदन असा जुनाच क्रम पुन्हा सुरू झाला.

26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. बाजाराच्या दिवशी बायका लाल गाडीला गर्दी करू लागल्या, आणि इतकी वर्षं एसटीचे प्रवासी उचलणाऱ्या जीपवाल्यांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. नियम, दंड, भरारी पथकं यांना जे जमलं नाही ते अर्ध्या तिकिटाने केलं. पण हा पैसा प्रवाशामागे येतो. जिथे गाडी जाते आणि माणसं चढतात तिथेच तो येतो. दहा माणसं घेऊन डोंगर चढणारी फेरी आजही कुणाच्याच लेखाशीर्षात नाही.

जानेवारी 2025 मध्ये परिवहन प्राधिकरणाने एसटीला 14.95 टक्के भाडेवाढ मंजूर केली. वाढलेल्या भाड्यातला निम्मा हिस्सा महिलांच्या वतीने आणि पूर्ण हिस्सा पंचाहत्तरीपुढच्यांच्या वतीने सरकारलाच भरावा लागणार होता. भाडं मंजूर करणारं, त्यावर कर घेणारं, सवलतीची प्रतिपूर्ती देणारं आणि गाडीचं मालक असलेलं, असं सर्व काही सरकारच आहे. एसटीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकही आता तेच झालं आहे. त्याच वर्षी जूनमध्ये परिवहन मंत्र्यांनी श्वेतपत्रिका मांडली. तीत संचित तोट्याचा आकडा 10,300 कोटी रुपयांच्या वर होता. त्यातला किती तोटा धंद्याचा आणि किती सार्वजनिक सेवेचा, हे वेगळं काढायचं तर एकेका फेरीपासून सुरुवात करावी लागेल. वाहकाच्या यंत्रात प्रत्येक तिकिटाची नोंद असतेच.